भरल्या गाडीची बैठक

साऱ्या हैदराबादेत वजनावर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस दाखवा, मी मिशी उतरवून देतो. आमचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिकंदराबादला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले. "रिकामी वस्तू खोटं बोलते," हा त्यांचा वेदमंत्र. पलंग घ्यायला गेले की आधी दुकानदाराला त्यावर आडवं व्हायला लावतात. पिशवी घेताना तीत दगड भरून पाहतात. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला तर त्यांनी गॅसचं भरलेलं सिलिंडर दोन जिने वर न्यायला सांगितलं. बिचाऱ्यानं नेलं, आणि संध्याकाळी नकार कळवला. "बरं झालं, बोज पडल्यावर कळलं," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, कपाळाला हात लावला. "सिलिंडर तरी वर आलं हो!"

माझा धंदा मंडपाचा. काचीगुड्याच्या एका मंगल कार्यालयाच्या जिवावर घर चालतं, आणि खुर्च्या-पडदे वाहायला जुना एकच ट्रक. ऐन लग्नसराईत त्याचा मागचा एक्सल मोडला. तसा दुसरा मिळेना, म्हणून भंगारातून वेगळ्याच गाडीचा आणला. आता ट्रकचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, ज्यांवर टेकतात त्या लोखंडी बैठका त्यावर नव्यानं वेल्ड करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी लग्न. सराईत भाड्याचा ट्रक मिळेल तर शपथ! आणि खुर्च्या पोचल्या नाहीत तर दुसरा मंडपवाला बघू, असं कार्यालयवाल्यांनी तोंडावर सांगितलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नेमकं त्याच दिवशी साडूभाऊंच्या नातवाचं बारसं, तेही ट्रक लावला होता त्या गॅरेजच्याच गल्लीत. मी जेवायला आलो नाही म्हणून ते मला शोधत आले. ट्रक जॅकवर चढवलेला, वेल्डरचाचा तयारीत. साडूभाऊ दारातूनच ओरडले, "नक्को चाचा! रुको!" मग माझ्याकडे वळले. "अहो, आत्ता पाटे लोंबताहेत. माल भरला की दबतील आणि एक्सलचं तोंड फिरेल. बैठक अशीच जोडलीत तर भरल्या गाडीत इंजिनाकडून एक्सलला फिरवणारा शाफ्ट थरथरून मोडेल. आधी नेहमीचा बोज टाका, मग कोन धरा."

"सगळा माल नदीपलीकडे गोदामात आहे. आता बोज कुठून आणू?" मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

ते तडक निघून गेले. थोड्या वेळानं पाहतो तर अख्खं बारसं गल्लीतून चालत येतंय! पैठण्या, गजरे, तोंडात विडे. चाचा थक्क. "क्या साब, वेल्डिंग कराने आए की बारात लेको आए?"

ट्रक चाकांवर उतरवला, बैठका पाट्यांखाली नुसत्या अडकवल्या. साडूभाऊ एकेकाला हाताला धरून चढवत होते. "जेवून आलेत, वजन चांगलं भरेल!" सगळ्यात धिप्पाड मामींना त्यांनी बरोबर एक्सलच्या वर बसवलं. त्या रुसतील असं वाटलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या वजनाचं कौतुक जन्मात पहिल्यांदा झालं बाई!" खाली साडूभाऊ नव्या धोतरानिशी गाडीखाली आडवे, हातात पाणसळ. "हलू नका! हसूसुद्धा नका!" हे ऐकल्यावर कोण हसणार नाही? गाडी हिंदकळली की ते पुन्हा पहिल्यापासून मोजत. शेवटी चाचांनी बैठका हलू नयेत म्हणून वेल्डिंगचे चार कच्चे टाके मारले, पाहुणे उतरले, मग पक्कं वेल्डिंग झालं. ठिणग्यांनी धोतराला भोकं पडली ती वेगळीच.

खुर्च्या वेळेत पोचल्या आणि कार्यालय माझ्याकडेच राहिलं.

गेल्या साली साडूभाऊ लेकाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. सामान माझ्याच ट्रकमधून नेलं. जहीराबादपर्यंत ते मान वाकडी करून शाफ्टचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "काही आवाज नाही हो," आणि डोळे मिटले. इतकी वर्षं मनात होतं, पण तोंडावर बोलायला लाज वाटायची. म्हटलं, आता नाही तर कधी? त्यांना जाग येणार नाही इतक्या हळू म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशी तुम्ही आला नसतात तर माझं घर बसलं असतं. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही."

डोळे न उघडता ते म्हणाले, "हौ. पुढे बघून चालवा."