पायरीचे राखणदार

चुडामण पाटलांना सगळं गाव बापू म्हणायचं. तापीकाठचं हे गाव त्यांच्या मालकीचं नव्हतं, पण तसं त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. वडिलांच्या नावानं त्यांनी एक धर्मादाय दवाखाना बांधून दिला, आणि दिलेलं दान आपलं उरत नाही हे सोयीस्करपणे विसरून रोज सकाळी तिथं हजर होऊ लागले. मी तिथं कंपाउंडर होतो. डॉक्टर पुण्याकडचे, पुस्तकी मराठी बोलणारे आणि बापूंच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारे.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. दगूबाई नावाची म्हातारी साध्या खोकल्यासाठी दाखल झाली आणि खाटेवरून उतरताना पडून खुबा मोडून बसली. महिन्याभरात गेली. बाजारात लोक म्हणू लागले की, आपल्या पायांनी गेलेलं माणूस या दवाखान्यातून चौघांच्या खांद्यावर परत येतं. वडिलांचं नाव मातीत जातंय म्हटल्यावर बापूंनी निश्चय केला: यापुढे इथं कोणीही पडायचं नाही. पडणाऱ्यांना विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

बायकांच्या खोलीतून ओट्यावर उतरायला एक पायरी होती. तिच्या शेजारच्या लाकडी खांबाला टेकून बापूंनी आपली खुर्ची मांडली. नवा रोगी आला की परीक्षा सुरू व्हायची. "डोकं गरगर फिरस का? पाय थरथरतस का? चाली दखाड." डॉक्टरांनी तपासायच्या आधी रोग्यानं बापूंसमोर चालून दाखवायचं. ज्याचा तोल जाईल त्याच्या खाटेला बापू स्वतःच्या हातानं लाल दोरा बांधायचे, म्हणजे त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. नातेवाइकांना तो नवसाचा दोरा वाटला. ते खाटेला हळद-कुंकू लावू लागले, आणि एकानं तर खाटेच्या पायावर नारळ फोडला. पाणी सांडलं आणि त्यावरून त्याचाच भाऊ घसरला. बापूंनी त्यालाही दोरा बांधला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'सांभाळून चाला' असंही रंगवून झालं. वाचता येणारे गावात फारसे नव्हते, पण अक्षर सुरेख होतं.

एवढी राखण असूनही माणसं पडत राहिली. नीट सांगायचं तर बाया पडत राहिल्या, आणि त्याही त्याच पायरीवर.

आमच्याकडच्या शेतकरी घरातली सून सासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर आणि गावातल्या त्या वयाच्या कुठल्याही पुरुषासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढते. बापू गावातल्या निम्म्या बायकांचे नात्यानं सासरे होते आणि उरलेल्यांचे मानानं. बाई दारात आली की समोर बापू. पदर खाली, पायरी दिसेनाशी, आणि बाई ओट्यावर. बापू खुर्ची आणखी पुढे सरकवायचे आणि पुढची बाई पदर आणखी खाली ओढायची.

हे सगळ्यांना दिसत होतं. पण सांगणार कोण? सुना सासऱ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या नवऱ्यांना बापूंच्या तोंडाला लागायचं नव्हतं. डॉक्टरांना ही रीतच ठाऊक नव्हती. त्यांनी निदान केलं की इथल्या स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि मला लोहाचं औषध ढवळायला बसवलं. ते पिऊन बायांची तोंडं काळी झाली, पडणं काही थांबलं नाही. दोष मात्र सगळा आयाबाई सिंधुबाईच्या माथी. तिनं एकदा धीर केला.

"बापू, तुम्ही घर जाईसन आराम करा."

"मी घर गवू तर आठे कोन दखी?" बापू म्हणाले. आपण घरी गेलो तर इथं बघणार कोण, हा त्यांचा सवाल. सिंधुबाईनं कपाळावर हात मारला आणि भांडी घासायला निघून गेली.

मध्ये बापूंना हिवताप आला आणि ते आठवडाभर अंथरुणाला खिळले. त्या आठवड्यात कोणी पडलं नाही. बरे होऊन आल्यावर हे ऐकून ते फार खूश झाले. आपण लावलेली शिस्त अंगवळणी पडली, असं त्यांनी डॉक्टरांना समजावून सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली.

मग धनुबाई दाखल झाली. बापूंच्या एकुलत्या मुलाची, भटूची, ही बायको. आधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं. आता आठवा महिना, पाय सुजलेले. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवू नका. बापूंच्या घरात तोवर पाळणा हललेला नव्हता, आणि या माणसाला नातवंडाची किती आस होती ते मी पाहिलंय. डॉक्टर खोलीतून बाहेर आले की ते काही न विचारता नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्या वेळी मला त्यांचा राग यायचा नाही.

धनुबाईच्या खाटेला त्यांनी सगळ्यांत जाड दोरा बांधवून घेतला. खुर्ची थेट पायरीला भिडवली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथून हलेनासे झाले. सासरा हाताच्या अंतरावर म्हटल्यावर धनुबाईचा पदर छातीवर आला. चौथ्याच दिवशी ती पडली.

पोट वाचवायला तिनं हात पुढे टाकला आणि मनगट मोडलं. सिंधुबाईनं तिला धरून बसवलं. पदर तरीही जागचा हललेला नव्हता. बापू पांढरेफटक पडले होते. सुनेशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून ते सिंधुबाईकडे वळले.

"सिंधू, तिले इचार, पायरी दिसनी नहीं का?"

सहा वर्षांत सासऱ्याच्या कानावर धनुबाईचा आवाज पडला नव्हता. तिनं बापूंकडे पाठ केली, खांबाकडे तोंड केलं आणि पदरातूनच बोलली.

"खांबा, तू आठे बसस म्हनीसन माले पदर वढना पडस. पदरमा पायरी दिसत नहीं. तू आठून ऊठ रे भाऊ. मन्हं लेकरू जगू दे."

खांब बसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि बापूंनाही. बापू उठले, खुर्ची स्वतःच उचलली आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते दवाखान्यामागे चिंचेखाली बसू लागले. ओट्यावर ऊन फार लागतं, असं त्यांनी जाहीर केलं. बाया पडायच्या थांबल्या. डॉक्टरांनी लोहाच्या औषधाचा गुण म्हणून तसं वर कळवलं, आणि मी आणखी मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

धनुबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी बापू झबलं घेऊन नात बघायला आले आणि पायरीपाशी थबकले. आत गेलो तर सून पदर ओढणार, आणि तिच्या छातीशी पोर. मग वळले आणि पाठमोरेच आत जाऊ लागले.

टाच पायरीला अडली आणि दवाखान्याचे धनी झबल्यासकट खोलीत उताणे पडले. त्या पायरीवर पडलेले ते पहिले पुरुष.

सिंधुबाईनं पोर घेतलं. धनुबाई धावली तसा पदर खांद्यावर घसरला आणि तिचा एक हात तर फळीला बांधलेला. बापूंनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, आणि उठून बसले तरी उघडेनात. तिनं पदर सावरला नाही. धड हातानं त्यांचा दंड धरला, त्यांना उभं केलं आणि सावकाश दाराकडे आणलं.

"खाले पायरी शे, बापू," ती म्हणाली. "जपीसन पाय ठेवा."