पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचे पेशंट

पी कोपचं खरं नाव मी त्यांना कामावरून कमी केल्याच्या पत्रावर पहिल्यांदा वाचलं. सुरासाक. सात वर्षं एका खोलीत, एका टेबलाला कोपर लावून बसलो, आणि मला नाव ठाऊक नाही! आमच्याकडे थायलंडात असंच चालतं म्हणा. आईने पाळण्यात ‘कोप’ म्हटलं, म्हणजे बेडूक, की माणूस पन्नाशीतही बेडूकच. वयाने थोरले म्हणून पुढे ‘पी’ लावायचं, झालं.

मेकाँगकाठच्या आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग म्हणजे ते आणि मी, ओई. ते एकोणीस वर्षं कंत्राटी. पेशंटला पुढची तारीख देणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने, पुस्तकं वाचून वाचून लिहिलेला. दिसायला अगदी गावठी. बटणं जांभळी, अक्षरं बोटाएवढी. “नर्सबायांना चष्मा शोधावा लागू नये,” म्हणायचे. मी बँकॉकला शिकून आलेली. मला त्या जांभळ्या बटणांची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी जुना सर्व्हर थकला आणि जिल्ह्याहून नवा आला. त्याच सुमारास मुख्य डॉक्टर सिरिवतांना कुठल्याशा कंपनीचा चकचकीत तयार प्रोग्राम भुरळ घालून गेला होता. ते पी कोपना म्हणाले, “सोमवारी आठला ओपीडी उघडेल तेव्हा तुमचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर चालला तर ठेवू. नाही चालला तर कंपनीचा घेऊ. मग तुमच्या नोकरीचं काय ते बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता.

रविवारी दुपारी मी सर्व्हर लावायला घेतला. तो थाई सेटिंगमध्ये आला होता. मला इंग्रजी मेनूंची सवय, थाईत काही केल्या सापडेना. म्हणून भाषा आणि प्रदेश, दोन्ही इंग्रजी करून टाकलं. पी कोपना विचारलं नाही. एवढ्यातेवढ्याला काय विचारायचं?

सोमवारी सहाला ते आले. आवारातल्या भूदेवतेपुढे नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली ठेवली, त्यात नळी खोचली, आणि मग येऊन बसले. प्रोग्रामचं पान उघडेना. सर्व्हरची तक्रार अशी की ज्या दाराने यायचं तिथे दुसराच कुणी बसलाय. शोधलं तर सर्व्हरबरोबर आलेला एक फुकटचा प्रोग्राम तिथे ठाण मांडून होता. त्याला उठवलं. मग फोल्डर वाचायची परवानगी नव्हती. ती दिली. मग कळलं, सेटिंगच्या फाइलीत अजून जुन्याच सर्व्हरचा पत्ता आहे. मी भराभर टाइप करायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

“एका वेळी एकच गोष्ट बदल गं बाई. दोन बदलल्यास तर कशाने बरं झालं ते कळणार कसं?”

प्रत्येक बदल ते वहीत लिहीत होते, वेळेसकट. मला वैताग येत होता. सात वीसला पान उघडलं, तीच ती जांभळी बटणं! मी टाळ्या पिटल्या. आम्ही चिकट भात आणि काडीवर भाजलेलं डुकराचं मांस खाल्लं. पी कोपनी चक्क शीळ घातली.

बाहेर ओपीडीच्या दारात नेहमीसारखी चपलांची रांग लागली होती. आमच्याकडे माणूस बाकावर बसतो, नंबर चप्पल धरते. आठला खिडकीवरच्या नर्स पी दाओंनी आजची यादी उघडली आणि ओरडल्या, “अहो बेडूकराव! मला इथून दीडशे चपला दिसतायत, तुमच्या यंत्राला एक माणूस दिसेना?”

यादीत शून्य पेशंट. पी कोप पळत आत आले. नावं जागेवर होती, आजार जागेवर होते, तारखा होत्या. फक्त आज कुणालाच बोलावलेलं नव्हतं. साडेआठला डॉक्टर सिरिवत येऊन त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले. नऊला त्यांनी बाहेर पुकारायला सांगितलं, आज घरी जा, नवी तारीख कळवू. पहाटे होडीने आलेली म्हातारी माणसं मुकाट चपला घालून निघाली. पी कोपनी वळून पाहिलं नाही, पण त्यांची बोटं चुकायला लागली.

सव्वानऊला ते अचानक थांबले. “ओई, आज साल कुठलं?”

“दोन हजार पाचशे सदुसष्ट.”

“आता याला विचार.”

विचारलं. सर्व्हर म्हणाला, दोन हजार चोवीस. सगळ्या तारखा आमच्या बुद्धवर्षात, आणि सर्व्हर इंग्रजी सनात. त्याच्या लेखी प्रत्येक पेशंटला यायला अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं होती. काल मी प्रदेश इंग्रजी केला, तेव्हाच सनही बदलला होता.

पी कोपनी सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींचं पान उघडलं, वाचलं, झटकन खाली सरकवलं. मग पडद्याकडे बघतच म्हणाले, “हा थाईतच आला होता ना? इंग्रजी कुणी केला?”

“कुणी?” डॉक्टरांनी विचारलं.

खोलीची किल्ली दोघांकडेच. मला पर्मनंट करायचा कागद डॉक्टरांच्या सहीला गेलेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पी कोप थांबले. बराच वेळ थांबले. मग उठून डॉक्टरांना हात जोडले. “माझ्याकडूनच झालं असेल, सर.”

त्यांनी सेटिंग बदललं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. यादीत एकशे अठ्ठेचाळीस नावं भरली. दारात चपलांचे नऊ-दहा जोड उरले होते. डॉक्टर म्हणाले, “उशीर झाला, कोप,” आणि निघून गेले.

महिनाअखेर त्यांची नोकरी गेली. माझ्या कागदावर सही झाली. थंडी सुरू झाल्यावर, म्हणजे तीन महिन्यांनी, मी संत्री घेऊन त्यांच्या घरी गेले. लाज वाटायला मला तीन महिने लागले! ते अंगणात मासे धरायचं जाळं सांधत होते.

“पी कोप, त्या दिवशीचं सेटिंग मी…”

“ठाऊक आहे. नोंदीत तुझं नाव होतं. डॉक्टर मागून वाचतील म्हणून सरकवलं ते पान.”

मला रडू फुटलं. “मग सगळ्यांसमोर विचारलंत कशाला?”

त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं. राग नव्हता हो त्यांच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

“मला वाटलं, तू सांगशील.”