गच्चीवरचा काळा रंग

चौबे कॉलोनीत सकाळी गच्चीवर गेलं की आधी पायांचे तळवे काळे होतात. शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी रात्रभर पडत असते. आम्ही बायका तिला शिव्या घालत झाडतो. शेजारच्या गच्चीवरचा भाडेकरू मात्र तिची वाट पाहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला पेंटर भैया म्हणायचे.

एकदा मी काजळी सुपलीत भरली, तसा तो कठड्यावरून ओरडला, "वहिनी, फेकू नका! इकडं द्या."

"काहून? लोणचं घालता काय?"

"चित्र काढतो. असा काळा रंग दुकानात भेटत नाही."

ती काजळी तो जुन्या धोतरातून गाळायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि हात मागे बांधून स्फूर्तीची वाट पाहत फेऱ्या मारायचा. स्फूर्ती बहुधा माझ्या चहाबरोबरच यायची.

खोली सोडून जाताना त्याने मला एक चित्र दिलं. गच्ची झाडणारी मीच होते, फक्त कंबर खरीपेक्षा बरीच बारीक.

"काच लावू नका बरं," तो म्हणाला. "अजून पुरं नाही झालं. बाकीचं हवा करून देईल."

मी खूप हसले. पण आता रोज घरभर फडकं फिरतं आणि त्या चित्रापाशी येऊन थांबतं.

परवा सासूबाई म्हणाल्या, "एवढंच काहून सोडलं? किती धूळ बसून राहिली त्याच्यावर!"

"राहू द्या आई," मी म्हटलं, "काम चालू आहे."