पाहुण्यांचं पाणी

नवं राज्य झालं होतं. राजधानी नेमकी कुठली यावर शाहपूरच्या बाजारात अजून वाद चालायचे. त्या उन्हाळ्यात आमच्या खेड्यात हगवणीनं लेकरं दगावली. माझी पोरगी दीड वर्षाची. तिचं पोट जरा गुरगुरलं तरी मी हातातलं काम टाकून तिला उचलायची.

मेडिकल कॉलेजचे प्रोफेसर आले, पारावर बसले. म्हणाले, "तपासू आम्ही, पण काम तुमचंसुद्धा आहे." घरोघर बाटल्या वाटल्या. रोज पिता तेच पाणी भरा, एवढंच सांगणं.

सासूबाई बाटली घेऊन थेट नदीवर गेल्या. वाळूत झिरा उकरला, नितळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरलं.

"अहो, विहिरीचं मागितलंय त्यांनी!" मी म्हणाले. रोज आम्ही गावच्या विहिरीचंच पीत होतो.

"वा गं शहाणी! पाहुन्याच्या हाती गढूळ पानी देऊ? गावाची लाज जाईन ना!"

पाहुणा आला की झिऱ्याचं पाणी, ही आमच्याकडची रीतच. सगळ्या गल्लीनं तेच केलं. माझी जीभ तशी तिखट, पण सासूबाईंपुढे ती कुठली चालायला!

काही दिवसांनी प्रोफेसर पुन्हा पारावर. "पाणी उत्तम आहे. विहीर खुशाल वापरा. आजाराचं कारण दुसरीकडे शोधू." माणसं माना डोलवू लागली. मी बायकांत बसले होते. पोरगी मांडीवर मलूल पडली होती, सकाळपासून तिला जुलाब लागले होते. समोर सासरे, चुलतसासरे, अख्खं गाव. सून बोलली तर घरात काय होईल? आणि नाही बोलली तर?

"ते पाणी आम्ही पीतच नाही!" मी ओरडले. पदर सरकला, तोही सावरला नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासरे उठले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "खरं बोलते ती. पाहुन्यासाठी झिऱ्याचं भरलं आम्ही."

प्रोफेसर रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला. "विहिरीचं पाणी आज मी स्वतः नेतो. तोवर उकळल्याशिवाय कुणी थेंब घेऊ नका."

घरी आलो. पोरगी "पानी, पानी" करत रडायला लागली. सासूबाईंनी सवयीनं माठातल्या विहिरीच्या पाण्यात पेला बुडवला, तिच्या ओठांपर्यंत नेला आणि हात थांबला.

"सकाळी मीच पाजलं गं हिला," त्या म्हणाल्या.