हातांच्या खुर्चीतले अप्पासाहेब

मार्च २०२०: अप्पासाहेब आणि मी आयर्लंडमधील कॉर्क येथे दाखल झालो. एप्रिल २०२०: माझ्या भाच्याचे येथे ठरलेले लग्न टाळेबंदीमुळे पुढे गेले. ऑगस्ट २०२१: ते लग्न झाले. नोव्हेंबर २०२१: येथील मराठी मंडळाचा दिवाळी-मेळावा ऑनलाइन झाला. तेथे घडलेल्या प्रकाराला जबाबदार व्यक्ती दोन. पहिली, स्वतः अप्पासाहेब. दुसरी, मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी अप्पासाहेबांचे भाषण संपताच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. जे हसले, त्यांना मी तूर्त सोडून देतो.

ज्यांनी अप्पासाहेबांना पाहिलेले नाही त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की हा गृहस्थ कोणत्याही खोलीत शिरला की आधी माणसे नव्हे, हात असलेली खुर्ची शोधतो. नसेल तर उभा राहतो, आणि कोणीतरी आणेपर्यंत उभाच राहतो. पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून ते निवृत्त झाले. पण खुर्ची काही निवृत्त झाली नाही. माझ्या दिवंगत बहिणीचे ते थोरले दीर. बहीण आणि तिचे यजमान दोघेही हयात नसल्यामुळे त्यांचा मुलगा अनिकेत याच्या लग्नात वडीलधारे म्हणून आम्ही दोघेच: ते काका, मी मामा.

पावणेदोन वर्षे मी या माणसाबरोबर अनिकेतच्या घरी, एका छपराखाली काढली. घरातल्या कपाटाला अनिकेत येथल्या रीतीने ‘प्रेस’ म्हणाला, तर हे म्हणाले, “आमच्यात असं नसतं.” शेजारीण अनोळखी असूनही बागेतून हात हलवून हवामानाविषयी बोलली. “आमच्यात असं नसतं.” मी दिवाणी न्यायालयात आयुष्य घालवले आहे. पुराव्याविना इतके निकाल देणारा माणूस मी तेथेही पाहिला नाही.

वधू लिआन. तिची आई फांगबाई येथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. प्रवासबंदीमुळे चीनमधून कोणी येऊ शकले नाही. म्हणून लिआनच्या आजीला टॅब्लेटच्या पडद्यावर बसवून तो टॅब्लेट फडताळावर, लाल कागदाच्या शुभचिन्हाखाली ठेवला होता. लग्नाचे चिनी विधी फांगबाईंच्याच घरी व्हायचे होते. त्यांची रीत अशी, की नवरा वधूला न्यायला येतो तेव्हा तिच्या मैत्रिणी दार अडवतात. एका बशीत आंबट, कडू, तिखट असे घास खायला लावतात, बैठका काढायला लावतात, आणि वधूची लपवलेली चप्पल शोधून काढल्याशिवाय तिला उठू देत नाहीत.

अनिकेत खुशीत होता. ईफा नावाची आयरिश मैत्रीण दारात आडवी उभी राहून ओरडत होती, “अजून दहा! गुडघे वाकव नीट, फसवतोयस!” शेजारीपाजारी रस्त्यापलीकडून टाळ्या वाजवत होते. कारल्याच्या घासाने अनिकेतच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि तो हसत होता.

“हे काय चाललंय?” अप्पासाहेब गरजले. “नवरदेवाला उठाबशा? वरपक्षाला दारात तिष्ठत ठेवायचं? आमच्यात असं नसतं!”

मी म्हणालो, “अप्पासाहेब, आपल्यात वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. तुमचा पिळला होता, मी साक्षीदार आहे.”

“तो मान असतो!” असे म्हणून ते गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली.

मराठी वाचकाला हे उघड आहे: वरपक्ष रुसला होता. आता वधूपक्षाने यायचे, हात जोडायचे, मनधरणी करायची आणि मग ह्यांनी उपकार केल्यासारखे उतरायचे. परंतु या संहितेची प्रत फांगबाईंना कोणी दिलेली नव्हती. त्यांनी बिचाऱ्या काळजीने ईफाला विचारले. ईफाने मला विचारले, “तुमचे ते काका ग्रँड (येथे याचा अर्थ ‘ठीक’) आहेत ना? गाडी लागली का त्यांना?” आणि थोड्या वेळाने फांगबाई स्वतः आल्याच्या चकत्यांची वाटी आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन गाडीपाशी गेल्या. काचेवर हळूच टकटक करून त्यांनी पिशवी उघडून दाखवली आणि खुणेने सांगितले: लाज बाळगू नका, यात काढा.

रुसवा ओकारीत जमा झालेला मी प्रथमच पाहिला. अप्पासाहेब उतरले, पण तो अपमान त्यांनी खिशात घालून आत नेला.

आत चहाचा विधी होता. अनिकेतने सांगून ठेवले होते म्हणून फांगबाईंनी कोठून तरी हात असलेल्या दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या. वधूने गुडघ्यांवर बसून वराच्या वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी चहा द्यायचा. त्यांनी तो प्यायला की ती त्या घरची झाली. प्यायल्याशिवाय तिने उठायचे नाही. लाल पोशाखातली लिआन अप्पासाहेबांपुढे बसली. महिनाभर घोकलेले मराठी तिने म्हटले:

“काका, चहा घ्या.”

अप्पासाहेबांनी कप घेतला, आत पाहिले आणि शेजारच्या टेबलावर ठेवला.

“बिनदुधाचा चहा आमच्यात पीत नाहीत.”

लिआन तशीच, हात पुढे, रिकामे. पडद्यावरची आजी पुढे वाकली होती. अनिकेत दबक्या आवाजात म्हणाला, “काका, प्लीज. एक घोट फक्त.” मी म्हणालो, “अप्पासाहेब, तिला उठता येत नाही.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग त्यांना कळू दे, दारात उभं राहणं काय असतं ते.”

तेव्हा फांगबाई स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्याच लाल कपात दुधाचा, साखरेचा चहा होता. आपल्या पूर्वजांचा विधी या बाईने स्वतःच्या हाताने मोडला, तो मुलीच्या गुडघ्यांसाठी. कप त्यांनी लिआनच्या हातात दिला. लिआन पुन्हा म्हणाली, “काका, चहा घ्या.” आवाज मघाचा नव्हता.

अप्पासाहेबांनी घोट घेतला. म्हणाले, “साखर कमी आहे.”

एकतर्फी साक्ष मला मान्य नाही, म्हणून हेही नोंदवतो: त्याच दिवशी पहाटे अनिकेतचा सदरा अप्पासाहेबांनीच इस्त्री केला होता. कॉलर दोनदा उलटून पाहिली होती आणि “ह्याच्या बापाला असाच कडक लागायचा” असे म्हणताना ते भिंतीकडे वळले होते. म्हणजे माया त्यांना ठाऊक आहे. गुन्हा अज्ञानाचा नाही. हे मी त्यांच्याविरुद्धच धरतो.

त्यानंतरही प्रकरण मिटले असते. लिआन मला ‘मामा’ म्हणू लागली होती, पोह्यांवर लिंबू पिळताना “बस?” असे विचारू लागली होती. पण दिवाळी-मेळाव्यात अप्पासाहेबांना निरोपाचे दोन शब्द बोलायला सांगितले. ते म्हणाले, “चिनी मंडळींना मानपान समजत नाही. मला त्यांनी ओकायला पिशवी दिली! पण मी मोठं मन केलं. शेवटी आमच्या पद्धतीचा चहा करायला लावलाच.” चौकोनाचौकोनांत माणसे हसली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. एका चौकोनात लिआन होती. तिला आता पुरेसे मराठी कळत होते. तिने कॅमेरा बंद केला.

त्याच आठवड्यात अप्पासाहेब पुण्यास परतले. लिआन मला आता ‘अंकल’ म्हणते. पोह्यांची बशी इंग्रजीतून पुढे करते.

मी अप्पासाहेबांना तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत विचारतो. अध्यक्षमहाशय, ज्या मेळाव्यात टाळ्या वाजवल्यात, तोच मेळावा पुन्हा बोलवा. अप्पासाहेब, हात असलेली खुर्ची घ्या, कॅमेऱ्यासमोर बसा, आणि लिआन ऐकत असताना एकाच प्रश्नाचे उत्तर द्या. तिने दिलेला चहा तुम्ही प्यायलात. त्या घोटानंतर, तुम्ही जेव्हा ‘आमच्यात’ म्हणता, तेव्हा त्यात ती आहे की नाही?