बाबांच्या बाजूचं दार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मित्रांना तर नाहीच — इंदुरात एका पोह्याच्या ठेल्यावर बोललेली गोष्ट दुसऱ्या ठेल्यावर आपल्याआधी पोचते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आधी एक सांगून टाकतो. माझा हात चांगला आहे. ही फुशारकी नाही — मतलब, आहे थोडी, पण खोटी नाही. इथे अन्नपूर्णा भागात आमच्या गल्लीत कुणाच्या गाडीचं आतलं काही तुटलं, डॅशबोर्डचं झाकण म्हणा, एसीची जाळी म्हणा, तर लोक गॅरेजच्या आधी माझ्या पोर्चमध्ये येतात. एरवी मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस; रविवारी माझ्या हातात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असतो. आणि हा हात आला बाबांकडून.

बाबा शाळेत मास्तर होते, पण घरचा गणपती दर वर्षी स्वतः घडवायचे. शाडूची माती, साचा नाही, नुसती बोटं. सोंडेचा वळसा घेताना ते श्वास रोखून धरायचे आणि बघणारे आम्हीही उगाच रोखायचो. बाजारातली मूर्ती आमच्या घरात कधी आलीच नव्हती. पंचाहत्तरी उलटली तरी नाही.

ही गोष्ट घडली त्या साली गणपतीच्या थोडं आधी आमच्या गाडीचं पुढचं डावं दार — बाबांच्या बाजूचं — खडखडायला लागलं. आतलं पॅड काढायचं, ढिल्या क्लिपा बदलायच्या, बस्स, एवढंच काम. दार आतून ओढायचं हँडल असतं ना, त्याच्या तळाशी एक छोटं झाकण असतं आणि त्याखाली लपलेला स्क्रू. तो आधी काढायचा असतो. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. मग घाई होती, की गुर्मी? गुर्मीच. स्क्रू न काढताच मी पॅड ओढलं आणि हँडल बुडातून तुटलं.

नीट करायचं तर प्लास्टिक घासावं लागतं, आतून जाळी लावून एपॉक्सीचा पक्का गोंद भरावा लागतो, दिवसभर सुकू द्यावं लागतं. मी झटपट चिकटणारा गोंद लावला. वरून दिसत नाही ना — झालं तर मग, रविवारी बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना शाडू आणायला घेऊन निघालो. शेजारचे दुबेजी फाटकाशी उभे होते. बाबा पुढच्या सीटवर बसले, दार लावायला हँडल ओढलं, आणि ते त्यांच्या हातात आलं.

दुबेजी हसून म्हणाले, "क्या भिया, कल ही तो आप लगे थे इसमें?"

आता बघा, काय बोलायचं होतं? माझ्याकडून तुटलं होतं, एवढंच. गल्लीतल्या एका माणसासमोर एवढंही माझ्या तोंडून निघू नये? मी म्हणालो, "बाबा, किती जोरात ओढलंत! तुमच्या हाताला अंदाज राहिला नाही आता." आणि वर हसलो.

बाबांनी हँडल उलटसुलट करून पाहिलं. चष्मा घरी राहिला होता, गोंदाचा डाग त्यांना दिसला नसावा. तो दिसायच्या आत मी हँडल त्यांच्याकडून घेऊन मागच्या सीटवर टाकलं. हो, तेही केलं. बाबा आपला तळहात बघत बसले.

माती आणली. त्यांनी ती भिजवली, मळली, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली. ती तशीच राहिली. मग एका संध्याकाळी मला म्हणाले, यंदा मूर्ती बाजारातून आण. हाताला अंदाज राहिला नाही. देवाची मूर्ती आहे, हातून मोडली तर?

माझंच वाक्य होतं ते. मी तेव्हा तरी बोलावं की नाही? मी म्हटलं, हो बाबा, कशाला त्रास घेता. पहिल्या खोट्याला निदान घाईत सुचलं असं म्हणता येईल — याला काय म्हणाल? मूर्ती मी आणली. चांगली होती. आरतीला बाबा टाळ्या वाजवत उभे होते आणि मला त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मातीला हात लावलेला नाही. हाताला काही झालेलं नाही, आजही नाही. सुईत दोरा ते स्वतः ओवतात. मी रोज बघतो ना.

हँडल मी त्याच रविवारी पक्कं केलं. असं केलंय की गाडी भंगारात जाईल, पण ते हँडल सुटायचं नाही. त्या कामात कुणी खोट काढून दाखवावी. फक्त, बाबा त्याला हात लावत नाहीत. गाडीत बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि थांबतात. मी पुढून फिरून जातो आणि बाहेरून दार लावतो. दुबेजी सगळ्यांना सांगतात, बेटा हो तो ऐसा, बाप को दरवाज़ा तक नहीं छूने देता. बाबा आतून मान डोलावतात. मी ऐकून घेतो.

काल त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. जातानाही दार मीच लावलं, येतानाही.