मोराशिवाय लग्न

दिवे हळूहळू उजळतात. केजच्या बसस्थानकासमोर, रसवंतीच्या वर एक खोली. डाव्या अंगाला लाइटचे स्टँड आणि पांढऱ्या छत्र्या, मागे कळकट निळा पडदा, मधोमध टेबलावर कॉम्प्युटर. खालून युसूफ वडगावच्या जीपवाल्याच्या आरोळ्या ऐकू येताहेत. आणि खुर्चीत, चष्मा कपाळावर ढकलून, आपला नायक बसला आहे. समाधान, लग्नाच्या व्हिडिओंचा मिक्सिंगवाला.

शूटिंग काय, कुणीही करतं. मिक्सिंग करावं ते समाधाननं. त्यानं मिक्स केलेल्या लग्नात मोर यायचा, डौलात पिसारा फुलवायचा आणि पिसाऱ्याच्या बरोबर मध्ये नवरा-नवरी उभे राहायचे. मग नवरीचा चेहरा चंद्रात जायचा, चंद्र तळ्यात उतरायचा, तळ्यातून कमळ उमलायचं आणि कमळात नवरदेवाचा मामा हात जोडून उभा. दिंद्रुडच्या एका आडत्याला तर त्यानं हाफ शर्टावर बर्फाच्या डोंगरात उभं केलं होतं. बौद्ध लग्नांसाठी त्याची खास सोनेरी पिंपळपानं होती. वरून गिरक्या घेत यायची आणि वधूच्या पांढऱ्या साडीवर विरघळून जायची. एकेक पान त्यानं हातानं रंगवलेलं.

जुन्या नाटक मंडळ्यांत एक माणूस असे. तो मागच्या पडद्यावर अरण्य रंगवी, राजवाडे रंगवी, आणि टाळ्या घेऊन जाई नट. समाधान त्याच घराण्यातला. फक्त टाळ्या त्यानं स्वतःकडे वळवून घेतल्या होत्या. लोक नवरीचं नाव विसरत, मोर विसरत नसत. माणसं काय, सगळ्या लग्नांत सारखीच जेवतात, असं त्याचं मत होतं.

हा सगळा डोलारा एका म्हाताऱ्या मशीनवर उभा होता. त्याच्या डिस्कचे दोन भाग केलेले. एकात जुनी विंडोज, दुसऱ्यात नवी. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर विचारणा व्हायची, कोण पाहिजे? समाधान कायम जुनीलाच पुढे करायचा, कारण मोराचा प्रोग्राम तेवढ्या एकीवरच चालायचा. नवी बिचारी वर्षानुवर्षं विंगेत उभी.

मग एका दुपारी लाइट गेली आणि आली ती भलत्याच जोरानं. मशीनमधून जळका वास आला आणि खेळ थांबला.

शेजारचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला इरशाद नवं मशीन घेऊन वर आला. जुनी डिस्क त्यात लावून पाहिली. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, बस.

"न्हाई उठायची ती," इरशाद म्हणाला. "जुन्या मशीनची चालू व्हायची तऱ्हाच येगळी होती भाई. हे नवं तिला वळखतच न्हाई."

"थोडं समजावून बघ की."

"काय समजावू? ती काय रुसलीय व्हय? ही नवी डिस्क घे, आख्खीच्या आख्खी नव्या विंडोजला देऊन टाक. अर्धं तुझं अर्धं माझं आता बंद. तुझा मोर जुन्या डिस्कवर बसून राहील, त्याचं मागून बघू. फक्त नवी भरताना जुनी काढून ठेव."

"ठेवतो की."

इतक्यात दगडाबाई जिना चढून आल्या. युसूफ वडगावच्या. लेक वनिताचं लग्न महिन्यापूर्वी झालेलं, आणि आता सासरची मंडळी तिला घेऊन पहिल्यांदा माहेरी यायची होती.

"जय भीम, मावशी," समाधान म्हणाला. "व्हिडिओ झालाच समजा."

"तसं न्हवं. इहीणबाईंनी इचारलंय, मोर हाय का म्हणून. मी हाय म्हणलेय. माझी मान खाली जाईल असं करू नको बाबा."

त्या गेल्या, इरशादही गेला. समाधाननं जुनी डिस्क काढली नाही. विंडोज भरून झाली की लागलीच मोर इकडे आणू, असा त्याचा विचार. शिवाय जिनं इतकी लग्नं लावली तिला ऐन वेळी बाहेर बसवायचं, हे त्याच्या मनाला पटेना.

पडद्यावर दोन्ही डिस्क आल्या. एक वर, एक खाली. माप सारखंच. खालचीचे दोन तुकडे स्पष्ट दाखवलेले होते, पण समाधाननं तुकडे पाहिलेच नाहीत. त्यानं पाहिला मान. आयुष्य लग्नपत्रिका वाचण्यात गेलेला माणूस तो. पत्रिकेत आजोबा सगळ्यांत वर, मग वडील, मग काका, आणि तळाला चिल्लीपिल्ली, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी. म्हणजे वरची वडीलधारी आणि खालची नवी, हे उघडच होतं. त्यानं खालची निवडली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं मशीननं विचारलं. समाधान मोठ्या मनानं 'हो' म्हणाला.

नवं मशीन झर्रकन उठलं. आख्ख्या जुन्या डिस्कवर आता एकच धनी. मोर नाही, चंद्र नाही, एक पान नाही. नवी डिस्क कोरीच्या कोरी शेजारी बसलेली.

इरशादनं येऊन पाहिलं आणि स्टुलावर बसला. "खालची कावून निवडली बे?"

"लहान्याचं नाव खालीच असतंय ना."

"अबे, ही काय लग्नपत्रिका हाय?"

त्यानं दोन-तीन युक्त्या करून पाहिल्या. काही हाती लागलं नाही.

वनिताच्या लग्नाचं शूटिंग तेवढं कॅमेऱ्याच्या कार्डावर वाचलं होतं. समाधाननं ते नुसतं तोडून जोडलं. नागडं लेकरू पाहुण्यांत न्यावं, तसं ते पेन ड्राइव्हमध्ये घालून तो वडगावला गेला आणि दगडाबाईंच्या दाराशी चपलांजवळ उभा राहिला. मोर कुठंय, हा प्रश्न कोण पहिल्यांदा विचारतं, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

टीव्ही लागला. त्रिशरण झालं, हार पडले. एरवी कॅमेरा वळताना जे धूसर यायचं, त्यावर समाधान मोर सोडायचा. आता तिथं मंडपामागची जागा दिसली आणि तीत नवऱ्या मुलाचे चुलते धुळाजी दिसले. हे धुळाजी टॉवेल-टोपी दुसऱ्याला आधी दिली म्हणून लग्नात रुसले होते. अन्नाला शिवलो नाही, असं महिनाभर गावाला सांगत होते. पडद्यावर ते आडोशाला उभे राहून बुंदी खात होते आणि वाढप्याला बोटानं 'अजून' म्हणून खुणावत होते.

घर फुटलं हसून. विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, ही पोटाची कोणती पूजा चाललीय?"

धुळाजी आधी लालेलाल झाले, मग स्वतःच खो खो हसू लागले. "भूक लागलती ना बाई! रुसायला बी ताकद लागती."

पुढे पाठवणी आली. एरवी तिथं कमळ असायचं. आज तिथं नुसत्या दगडाबाई होत्या, लेकीच्या पदराची गाठ पुन्हा पुन्हा नीट करणाऱ्या. इकडे खोलीत वनिता आईला टेकून बसली.

"एवढं परत लाव," दगडाबाई म्हणाल्या.

तीनदा लावलं. मोराचं नाव कुणीच काढलं नाही. ज्या विहीणबाईंनी मोर मागितला होता त्यांनीही नाही. दगडाबाईंनी समाधानच्या हातात नवी टॉवेल-टोपी ठेवली आणि म्हणाल्या, "लई झ्याक केलंस लेकरा."

त्यानं मान हलवली आणि मिळेल त्या जीपनं केज गाठलं.

पुढच्या हंगामात जिन्यावर माणसं वाढली. सगळ्यांचं एकच म्हणणं, वनिताच्या लग्नासारखं करून द्या. समाधान प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि फुकटची थोरवी अंगावर पडल्यासारखा पडेल चेहऱ्यानं तारीख लिहून घ्यायचा.

"तोंड कावून पाडलंय बे?" इरशाद चहाचे ग्लास घेऊन वर आला तेव्हा म्हणाला. "तालुक्यात नाव झालं तुझं. सोन्याचे हात हायेत म्हणत्यात लोक."

समाधाननं चहाचा घोट घेतला.

"कशाचे हात? त्याच्यात माझं काय हाय बे? ते तर नुसतं लगीन हाय."